पोस्टग्रेस १८ वर जाताय? या चुका टाळा

पोस्टग्रेसक्यूएल (पोस्टग्रेस) या डेटाबेसची आवृत्ती १८ ही २५ सप्टेंबर २०२५ ला आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आवृत्ती १३ चा सपोर्ट संपला. त्यामुळे १३ वरून थेट १८ वर उडी घेणारे बरेच आहेत. उडी घ्यायला हरकत नाही, पीजी_अपग्रेड हे अपग्रेडचं टूल ती एका दमात घेऊ देतं. माझ्या अनुभवात अडचणींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: १८ ने काही डीफॉल्ट (न सांगता लागू होणारी सेटिंग) बदललेत आणि आपण ते वाचलेले नसतात.

चेकसमची तपासणी शेवटच्या रात्रीवर ढकलणं

हा फटका मी स्वतः खाल्लाय. रात्री साडेअकराला ॲप्लिकेशन बंद केलं, जुना सर्व्हर थांबवला, इनिटडीबीने नवा क्लस्टर (सर्व्हरचा सगळा डेटा ठेवणारं फोल्डर) तयार केला आणि पीजी_अपग्रेड चालवलं. मिनिटभरात ते अडलं. जुन्या क्लस्टरला डेटा चेकसम (डेटाच्या प्रत्येक पानासोबतचा पडताळणीचा आकडा) नाहीत, नव्याला आहेत, पुढे जाता येणार नाही.

आधीच्या आवृत्त्यांत चेकसम हवे असतील तर मागून घ्यावे लागायचे. १८ मध्ये इनिटडीबी ते आपणहून चालू करतं. बदल चांगला आहे, कारण डिस्कवर पान बिघडलं तर ते वाचतानाच कळतं. पण अपग्रेडसाठी दोन्ही क्लस्टरची सेटिंग सारखी असावी लागते.

सुटायचे मार्ग दोन. नवा क्लस्टर 'नो डेटा चेकसम्स' हा पर्याय देऊन पुन्हा तयार करायचा. नाहीतर जुना सर्व्हर नीट बंद करून पीजी_चेकसम्सने जुन्यावरच चेकसम चालू करायचे. दुसरा मार्ग टिकाऊ, पण त्यात प्रत्येक पान वाचून पुन्हा लिहिलं जातं. शेकडो जीबीचा डेटा असेल तर त्यातच तास जातात आणि तेवढा वेळ सर्व्हर बंद. त्या रात्री हातात वेळ नव्हता, म्हणून मी पहिला मार्ग धरला आणि चेकसमचं काम पुढच्या डाउनटाइमसाठी ठेवलं.

पीजी_अपग्रेडला 'चेक' पर्याय आहे आणि तो जुना सर्व्हर चालू असतानाही चालतो. आठवडाभर आधी भर दुपारी तो चालवला असता तर ही धावपळ झालीच नसती. कृपा करून तेवढं करा.

बॅकअप न घेता 'स्वॅप' वापरणं

१८ मध्ये फाइली हलवण्याचा नवा 'स्वॅप' पर्याय आलाय. टेबलं हजारोंनी असतील तर तो कॉपी आणि लिंक या जुन्या पर्यायांपेक्षाही वेगात उरकतो. पण फाइली हलायला लागल्या की जुना क्लस्टर पुन्हा सुरू करण्याजोगा राहत नाही. परतीचा रस्ता म्हणजे बॅकअप, आणि तो रिस्टोअर करून पाहिलेला हवा.

ॲनालाइझ आता लागत नाही असं समजणं

अपग्रेडनंतरची पहिली सकाळ म्हणजे रेंगाळणाऱ्या क्वेऱ्या, हे आपण वर्षानुवर्षं सोसलं. क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरची आकडेवारी मागेच राहायची आणि ॲनालाइझ चालवून ती पुन्हा गोळा करावी लागायची. १८ मध्ये पीजी_अपग्रेड ती सोबत आणतं, आणि माझ्यासारख्यांना याच एका गोष्टीसाठी ही आवृत्ती हवी होती. मात्र क्रिएट स्टॅटिस्टिक्सने केलेली एक्स्टेंडेड आकडेवारी (उदा. कॉलमांच्या आपसातल्या संबंधांची) येत नाही. म्हणून अपग्रेड झाल्यावर व्हॅक्यूमडीबी 'मिसिंग स्टॅट्स ओन्ली' आणि 'ॲनालाइझ इन स्टेजेस' या पर्यायांसह चालवा. मग पुन्हा एकदा फक्त ॲनालाइझसाठी चालवा, कारण आपोआप साफसफाई आणि ॲनालाइझ करणारा ऑटोव्हॅक्यूम ज्या मोजणीवर जागा होतो तीही नव्याने सुरू झालेली असते.

जुनी कॉन्फिग फाइल जशीच्या तशी उचलणं

एसिंक्रोनस आयओ, म्हणजे एक वाचन पूर्ण व्हायची वाट न पाहता डिस्ककडे पुढची वाचनं मागणं, हे १८ चं मोठं काम. ते कसं करायचं हे ठरवणाऱ्या आयओ_मेथडचं डीफॉल्ट 'वर्कर' आहे आणि बहुतेकांना तेच पुरतं. पण एकाच वेळी किती वाचनं मागायची ते सांगणाऱ्या इफेक्टिव्ह_आयओ_कन्करन्सीचं डीफॉल्ट १ वरून १६ झालंय. जुन्या फाइलमध्ये कुणी १ लिहून ठेवलं असेल तर नव्या यंत्रणेला आपणच लगाम घालतो. आयओ_युरिंग ही मेथड फक्त लिनक्सवर, तेही त्याच्या सपोर्टसह बिल्ड केलेलं असेल तरच चालतं. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचं नेहमीचं सेककॉम्प (सिस्टिम कॉल गाळणारं) प्रोफाइल ते अडवतं. शिवाय हा सगळा फायदा वाचनाचा आहे. इन्सर्ट मंद असतील तर इथे औषध नाही.

डॉकरचं निघालंच आहे तर, १८ च्या अधिकृत इमेजमध्ये डेटाची जागा बदललीय. व्हॉल्यूम आता शेवटच्या 'डेटा' फोल्डरवर न लावता त्याच्या वरच्या 'पोस्टग्रेसक्यूएल' फोल्डरवर लावायचा. आणि इमेजचा टॅग बदलला म्हणजे डेटा अपग्रेड झाला असं होत नाही.

स्किप स्कॅनच्या भरवशावर इंडेक्स काढून टाकणं

समजा इंडेक्स (जिल्हा, मोबाइल) असा आहे आणि क्वेरीत फक्त मोबाइल आहे. आधी हा इंडेक्स इथे फारसा कामाचा नव्हता. आता स्किप स्कॅनमुळे प्लॅनर प्रत्येक जिल्ह्यासाठी एकेक उडी मारत शोधू शकतो. जिल्हे ३६, म्हणजे सौदा परवडतो. पण पहिल्या जागी ग्राहक क्रमांक असेल, लाखो वेगवेगळे क्रमांक असतील, तर उड्या मारण्यात अर्थ उरत नाही. मोबाइलवरचा वेगळा इंडेक्स काढण्याआधी एक्स्प्लेन ॲनालाइझ पाहा. बफर्सचे (किती पानं वाचली त्याचे) आकडे आता त्यात न मागता दिसतात.

जनरेटेड कॉलममध्येही (दुसऱ्या कॉलमांवरून मोजल्या जाणाऱ्या) अशीच गफलत होते. 'स्टोअर्ड' लिहिलं नाही तर कॉलम आता व्हर्च्युअल (न साठवता वाचताना मोजला जाणारा) होतो आणि १८ मध्ये व्हर्च्युअल कॉलमवर इंडेक्स करता येत नाही.

एमडी५ चा घोळ

एमडी५ या जुन्या पद्धतीने पासवर्ड ठेवायला गेलात की १८ इशारा देतं. तो पाहून घाईने लॉगिनची पद्धत ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये स्क्रॅम ही नवी पद्धत लिहिली, की जुन्या पासवर्डचे सगळे युजर बाहेर. आधी पासवर्ड एन्क्रिप्शन स्क्रॅमवर आणा, मग प्रत्येकाचा पासवर्ड नव्याने ठेवा, फाइल सर्वांत शेवटी.

मराठी नावांचा शोध तपासायला विसरणं

देवनागरी नावं पीजी_टीआरजीएम या एक्स्टेंशनने किंवा फुल टेक्स्ट सर्चने शोधत असाल आणि क्लस्टरचा कोलेशन प्रोव्हायडर (अक्षरांचे नियम पुरवणारी लायब्ररी) आयसीयू असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. फुल टेक्स्ट सर्च आधी नेहमी लिबसी या सिस्टिमच्या लायब्ररीवर विसंबायचा, आता क्लस्टरच्या प्रोव्हायडरवर विसंबतो. त्यामुळे जुना इंडेक्स आणि नवी क्वेरी यांचा मेळ बसेलच असं नाही. एरर येत नाही, फक्त 'ज्ञानेश्वर' शोधलं की एखादी ओळ कमी दिसू शकते. अपग्रेडनंतर असे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा, आणि दहाएक जोडाक्षरी नावं शोधून निकाल आधीच्या निकालांशी पडताळून पाहा.