किती शेअर घ्यायचे, हे मी कसं ठरवतो

ट्रेडिंग शिकायला आलेला जवळपास प्रत्येक जण आधी विचारतो, कोणता शेअर घेऊ? मीही सुरुवातीला हेच विचारत फिरायचो. आता सौद्याआधी मी वेगळाच हिशेब मांडतो: अंदाज चुकला तर माझे किती रुपये जातील?

समजा भांडवल 2 लाख आहे आणि एका सौद्यात 1 टक्का, म्हणजे 2,000 रुपयांहून जास्त गमवायचे नाहीत. शेअर 500ला मिळतोय आणि 480च्या खाली गेला तर आपलं चुकलं, असं चार्टवरून दिसतंय. एका शेअरमागे जोखीम 20 रुपये, म्हणून 100 शेअर. स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरवलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर, 460ला ठेवावा लागणार असेल तर 50च. नवखे उलट करतात: आधी 300 शेअर घेतात, मग खिशाला झेपेल तिथे स्टॉपलॉस लावतात. तो रोजच्या चढउतारातच उडतो.

हे सगळं माहीत असूनही मी 3 जून 2024ला घसरलो. लोकसभेचे एक्झिट पोल आले होते, निफ्टी त्या दिवशी 3 टक्क्यांहून जास्त वर गेला. सरकारी बँकांचे शेअर पळत होते. मी एका बँकेचे शेअर ठरवल्याच्या दुप्पट घेतले. दुसऱ्या दिवशी मतमोजणीचे आकडे येऊ लागले आणि बाजार कोसळला. निफ्टी जवळपास 6 टक्के खाली, 21,884ला बंद झाला. माझा स्टॉपलॉस लिमिट ऑर्डरचा होता, ट्रिगर (ज्या भावाला विक्रीची ऑर्डर सुरू होते) आणि लिमिट (ज्याच्या खाली विकायचं नाही तो भाव) यांत फक्त एका रुपयाचं अंतर. भाव दोन्ही ओलांडून खाली गेला, ऑर्डर तशीच लटकत राहिली. ‘परत वर येईल’ म्हणत मी तासभर स्क्रीनकडे बघत बसलो आणि शेवटी हाताने विकले. ठरवलेल्या तोट्याच्या पाचपट गेले.

त्या दिवसाने मला स्टॉपलॉसची मर्यादा दाखवली. 480चा स्टॉपलॉस लावलेला शेअर रात्रीतून काही घडून सकाळी 9:15ला थेट 450ला उघडू शकतो. तिथे तुमची लिमिट ऑर्डर कामाची नाही. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला विकायची, असली तरी विक्री 450च्या आसपासच होणार. अशा वेळी तुम्हाला वाचवते ती शेअरची संख्या. म्हणून निवडणूक निकाल, बजेट, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, कंपनीचे तिमाही निकाल यांच्या आदल्या दिवशी मी हातातले शेअर निम्मे करतो किंवा मोकळाच राहतो. बाजार वर गेला तर थोडी हळहळ होते. ती मला चालते.

तोट्यातल्या सौद्यात ॲव्हरेज करू नका, म्हणजे भाव पडला म्हणून आणखी शेअर घेऊन खरेदीची सरासरी खाली आणायला जाऊ नका. भांडवल निम्मं झालं, तर मूळ रकमेवर यायला उरलेले पैसे दुप्पट करावे लागतात.

आणि फ्युचर्स-ऑप्शन्सला, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या करारांना, इतक्यात हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या काळात तिथल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात गेले, असं बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्याच अभ्यासात आहे. तिथे सौदा लॉटमध्ये (ठरलेल्या गठ्ठ्यात) होतो आणि एका लॉटमधल्या शेअरची संख्या ठरलेली असते, त्यामुळे छोट्या भांडवलात वरचं गणित तिथे बसतच नाही.

माझ्या वहीत प्रत्येक सौद्यासाठी चार रकाने आहेत: का घेतला, कुठे चुकलं मानणार, किती शेअर, किती रुपये जातील. ते चारही मी ऑर्डर टाकण्याआधी भरतो. 3 जूनच्या ओळीत पहिल्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘सगळे घेतायत’.