देशाचं चलन दशमान करायचंय? मग आधी हे ठरवा

दशमान म्हणजे एका मोठ्या नाण्याचे शंभर भाग, एवढंच. कागदावर पाच मिनिटांचं काम, खरी गोची बारक्या नाण्यांत आहे.

सगळ्यात आधी ठरवा की जुन्यातलं काय तसंच ठेवायचं. आपण १ एप्रिल १९५७ ला रुपया तसाच ठेवला, त्याचे १६ आणे, ६४ पैसे नाहीतर १९२ पै व्हायच्या ते सगळं जाऊन १०० नये पैसे झाले. ब्रिटननं पण पाउंड ठेवला, पण तो २४० पेन्सचा, म्हणजे नवा पेनी जुन्या २.४ पेन्सइतका जड झाला आणि शेवटी अर्ध्या पेनीचं नाणं पाडावं लागलं. ऑस्ट्रेलियानं १९६६ ला पाउंडच सोडला, १० शिलिंगांचा म्हणजे अर्ध्या पाउंडाचा डॉलर केला, म्हणजे १२० पेन्सचे १०० सेंट, फरक कमी. मला विचाराल तर बारक्या भावांना हेच बरं, फक्त मग मोठ्या रकमा सगळ्या दुप्पट दिसतात आणि हिशेबाच्या वह्या नव्यानं मांडाव्या लागतात.

कायदा आधी करून ठेवा (आपला १९५५ चा), टाकसाळीला वेळ लागतो. जुन्याशी तंतोतंत जुळणारी नाणी आधीच बाजारात सोडता आली तर उत्तम, ब्रिटननं ५ आणि १० पेन्सची नाणी १९६८ लाच काढली, आकार शिलिंग आणि दोन शिलिंगचाच, त्यामुळे लोकांचा हात आधीच बसला.

आता राउंडिंग, भांडणं इथेच होतात. पावली (चार आणे) म्हणजे बरोबर २५, अधेली (आठ आणे) ५०, तिथे प्रश्न नाही, पण एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, ते पाव कुठे घालायचे? जुन्याचं नव्यात बदलायच्या तक्त्यात १ आण्याला ६, २ ला १२, ३ ला १९. हा तक्ता एकेका वस्तूला लावू नका, आधी जुन्यात बेरीज करा आणि मग एकदाच बदला. तीन आण्यांच्या तीन वस्तू वेगवेगळ्या बदलल्या तर ५७, नऊ आणे एकदम बदलले तर ५६. एक आण्याच्या चार घेतल्या तर उलटं, सुटे २४ आणि एकदम २५, म्हणजे दुकानदार मार खातो. नियम एकच ठेवा आणि तक्ता प्रत्येक गल्ल्याजवळ लावायला लावा.

दिवस निवडताना बँकांचा विचार करा. ब्रिटनचा दिवस होता सोमवार, १५ फेब्रुवारी १९७१, बँका आदल्या बुधवारी दुपारी बंद झाल्या त्या थेट त्या दिवशी उघडल्या, मधे सगळे अडकलेले चेक जुन्या हिशेबात मिटवून टाकले.

जुनी नाणी लगेच बाद करू नका, काही काळ दोन्ही चालू द्या. आणि नाव तेच ठेवणार असाल तर पुढे काहीतरी जोडा, आपल्याकडे जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग होता म्हणून 'नया' लावलं, ते १९६४ ला काढलं. लोक मात्र पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत राहिले, त्यासाठी परिपत्रक काढत बसू नका.