चाकं चमकवायच्या नादात अलॉय घालवू नका

गगनबावड्यातून करूळ घाटानं वैभववाडीला उतरलं की पुढची दोन चाकं मागच्यांपेक्षा काळी झालेली दिसतात. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे येतो, पुढचे ब्रेक जास्त राबतात आणि डिस्क-पॅड घासून निघालेली लोखंडाची बारीक पूड गरम असतानाच रिमवर बसते. ओल लागली की तिथंच गंजून घट्ट होते. ती शाम्पूनं जात नाही, म्हणून मग घरात जे जहाल सापडेल ते माणूस उचलतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. संडास साफ करायच्या बऱ्याच लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियमच खातो, आणि अलॉय व्हील बहुतेक करून ॲल्युमिनियमचंच. वर रंग आणि पारदर्शक लॅकर असतं, त्याच्या जिवावर ते टिकतं. नटांभोवती किंवा फुटपाथला घासलेल्या कडेला लॅकर उडालं असेल, तर ॲसिड तिथून आत शिरतं. पुढं लॅकरखाली पांढरट, अळीच्या मागासारख्या रेघा पसरल्या, की कुठलाच क्लीनर कामाचा नाही; रिम खरवडून पुन्हा रंगवावी लागते. फौंड्रीतला मित्र ‘थोडं ॲसिड देतो की’ म्हणाला, तरी चहा पिऊन परत या.

वॉशिंग सेंटरवरही डोळे उघडे ठेवा. ‘दादा, दोन मिनिटांत चकाचक!’ म्हणत पोरगं बिनलेबलच्या कॅनमधून फवारा मारायला लागलं, तर आधी त्यात काय आहे ते विचारा. काही व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. पातळ केलेलं असलं तर हातावर लगेच आग होत नाही. कातडीतून आत जातं आणि काही तासांनी दुखायला लागतं. लेबलवर यातलं नाव दिसलं, की बाटली होती तिथंच ठेवा.

मग घ्यायचं काय? लॅकर असलेल्या अलॉयला ‘पीएच न्यूट्रल’ लिहिलेला आयर्न रिमूव्हर. यात बहुधा थायोग्लायकोलेट असतं. लोखंडाशी गाठ पडली की ते जांभळं होतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. हे जांभळं पाणी बघायला मजा येते खरी, पण तेवढ्यानं चाक साफ झालं असं नाही. डांबराचे ठिपके त्यानं हलत नाहीत, त्याला टार रिमूव्हर वेगळा. लाल मातीवर मारला तर निम्मा मातीतच जातो, म्हणून आधी पाणी आणि शाम्पू. स्टीलची रिम आणि वर प्लास्टिकचा व्हीलकॅप असेल, तर शाम्पू आणि ब्रश बास. उगीच खर्च नको. बिनलॅकरची पॉलिश केलेली रिम किंवा क्रोम असेल, तर बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. तरीही पहिला फवारा आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी मारून बघा.

घाटातून आल्या आल्या तापल्या चाकावर फवारा नको. रसायन लगेच वाळतं आणि डाग सोडतं. हात लावून चाक गार लागलं, की सावलीत एकेक चाक घ्या, हातात मोजे घाला, लेबलवरच्या वेळेत धुऊन टाका. चाकांचा ब्रश बॉडीला लावू नका, त्यातली पूड रंगावर ओरखडे काढते. आणि हे पाणी ओढ्या-नाल्यात सोडू नका. कोल्हापुरातला जयंती नाला शेवटी पंचगंगेलाच मिळतो.

धुतल्यावर पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर आली, तर घाबरू नका. डिस्कवर गंजाची पातळ साय धरते, हळू चालवत ब्रेक लावले की जाते. पण टायर पॉलिशचा स्प्रे डिस्कवर उडाला असेल, तर ब्रेक धरणार नाही. ब्रेक क्लीनरनं पुसल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

हायवेला स्टेअरिंग थरथरायला लागलं, तर रिमच्या आतल्या बाजूला वाकून बघा. पावसाळ्यात तिथं मातीचा थर एकाच बाजूला वाळून बसतो, तो काढला की थरथर थांबते. माती नसेल, तर बॅलन्सिंगचं चिकटवलेलं वजन प्रेशर पंपानं उडालंय का ते पाहा. त्या जागी गोंदाचा चौकोनी डाग उरलेला असतो. तो दिसला, तर बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या.