मानमंदिरातलं पिवळं बदक, क्रोशावर

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात थंडी पडली की घरोघरी सुयांवर एखादा तरी स्वेटर चढलेला असतो. त्यामुळे माझ्याकडे खेळणी शिकायला येणाऱ्या बायकांचा हात विणकामात बसलेलाच असतो, आणि घोळ तिथेच होतो. स्वेटर सैल हाताचा छान, खेळणं मात्र घट्टच हवं. वीण सैल पडली की आतलं भरण भोकांतून डोकावतं. दोन सुयांवरही खेळणी होतात, पण ती वीण ताणते. पहिलं खेळणं क्रोशावरच करा.

बदकच का? ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमरांच्या (राज्यकाळ 1486 ते 1516) मानमंदिर या महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांत पिवळ्या बदकांची रांग आहे, तिथून उचललं. हत्ती, वाघ, मगरीही आहेत तिथे; पण सोंडेच्या भानगडीत आत्ताच पडू नका.

दोरा सुती घ्या. लोकरीवर लव असते, टाके दिसत नाहीत, आणि पोरं खेळणं तोंडात घालणारच. बाड्यावर (आमच्या बाजारात) दोरा घेताना लेबलवर क्रोशाची सुई 4 मि.मी. लिहिली असेल, तर 2.5 किंवा 3 ची मागा. दुकानदार हटकेल, हटकू दे.

सगळं काम मुक्या खांबांचं (टाक्यात सुई घालून दोरा ओढा, पुन्हा दोरा घेऊन सुईवरच्या दोन्ही फासांतून काढा). आधी डोकं. सरकफासात (ओढला की आवळणाऱ्या गोल फासात) 6 मुके खांब घाला आणि फास ओढून भोक बंद करा. फास जमत नसेल तर 2 साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत 6 मुके खांब घाला. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे 12. मग एक साधा, एक वाढीचा (एकाच टाक्यात दोन): 18. दोन साधे, एक वाढीचा: 24. आता चार फेऱ्या न वाढवता. फेरी जोडायची नाही, उलटायची नाही, गोल गोल चालत राहायचं. म्हणूनच फेरीच्या पहिल्या टाक्यात निळ्या दोऱ्याचा तुकडा अडकवा. गप्पा मारत विणणाऱ्यांनी तर नक्कीच. आडव्या रेघा बाहेरून दिसत असतील तर डोकं उलटं धरलंय. वाटीची आतली बाजू बाहेर काढा, इंग्रजी व्हीसारखे टाके बाहेर आले पाहिजेत.

घटवताना दोन टाक्यांचे फक्त पुढचे फास सुईवर घ्या, त्या दोन्हींतून दोरा ओढा, मग उरलेले दोन फास एकत्र काढा. असं केलं की भोक पडत नाही. दोन साधे, एक घट: 18. एक साधा, एक घट: 12. ही मान. इथे थांबून डोकं भरा. कापूस नको, धुतल्यावर त्याचे गोळे होतात. जुन्या उशीतला फायबर चालेल. चिमटीचिमटीने, पेन्सिलीच्या बोथट टोकाने सारा. मान कंजूषपणे भरली तर बदक जन्मभर खाली बघत बसेल.

मग पुन्हा 18, 24, 30 वाढवा, पाच फेऱ्या सरळ, आणि त्याच क्रमाने 24, 18, 12, 6 वर या. 12 ला शेवटचं भरण घालून मगच 6 करा. दोरा सहाही टाक्यांतून ओवून ओढा आणि टोक पोटात लपवा.

पंख: 6, 12, पुन्हा 12, चपटे करून शिवा. चोच नारिंगी, 6 टाक्यांच्या दोन फेऱ्या. डोळे प्लास्टिकचे छान दिसतात, पण तीन वर्षांखालच्या मुलासाठी काळ्या दोऱ्यानेच भरा. डोळे चोचीच्या रेषेत, जरा लांब लांब ठेवले की चेहरा भोळा दिसतो. जवळ आणले की बदक रागावलेलं वाटतं.

धुताना पिळू नका, टॉवेलात दाबा. आतलं भरण वाळायला वेळ लागतो, तेव्हा ग्वाल्हेरच्या जानेवारीत नका धुऊ.