नर्सिंगच्या पहिल्या वर्षी या चुका टाळा

खानापूर, निपाणी किंवा बेळगाव परिसरातून मराठी शाळेत शिकून बी.एस्सी. नर्सिंगला आलेल्या विद्यार्थ्यासमोर पहिल्याच महिन्यात दुहेरी पेच उभा राहतो: पुस्तके इंग्रजीत आणि वॉर्डातले बरेचसे रुग्ण कन्नड बोलणारे. पेच सुटण्यासारखा असतो, पण तो लपवला की चिघळतो.

गोकाक किंवा सौंदत्तीकडून आलेल्या आजी काय सांगतात हे न कळताही मान डोलावून पुढच्या खाटेकडे जाणे ही सर्रास घडणारी चूक आहे. 'एल्ली नोव ऐत्री?' (कुठे दुखते?), 'ऊट आतेन्री?' (जेवण झाले का?) असे मोजके कन्नड प्रश्न वहीत लिहून पाठ करावेत. उत्तर समजले नाही, तर स्टाफ सिस्टरांना लगेच विचारावे. त्या ओरडतील ही भीती बहुधा खरी असते, पण ओरडा खाणे परवडते.

दुसरी चूक चार्टवर दिसते. सगळ्या रुग्णांच्या श्वसनापुढे '१८' किंवा '२०' लिहिलेले असेल, तर कोणीही मोजलेले नाही हे अनुभवी नजरेला तत्काळ कळते. नाडी मोजून झाल्यावर मनगट तसेच धरून ठेवावे आणि छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी, कारण आपला श्वास मोजला जात आहे हे कळले की रुग्णाची लय बदलते. रक्तदाबाचा आवाज ऐकू आला नाही, तर अंदाजे आकडा न लिहिता दुसऱ्याकडून तपासून घ्यावा.

सर्वांत धोक्याचे लपवणे सुईचे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. टोचलीच, तर जखम न दाबता साबण-पाण्याने धुवावी आणि त्याच वेळी शिक्षिकांना कळवावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, त्यामुळे 'ड्युटी संपल्यावर सांगू' हा विचार घातक ठरतो.

हजेरीचा हिशेबही सुरुवातीपासून ठेवावा, कारण परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची १०० टक्के भरावी लागते. पावसाळ्यात खानापूरकडून रोज ये-जा करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सकाळच्या पोस्टिंगला उपाशीपोटी जाऊ नये. ड्रेसिंग पाहताना भोवळ येणाऱ्यांत न्याहारी चुकवलेलेही असतात. लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीवर, सही त्याच दिवशी घ्यावी, कारण महिन्याने त्या सिस्टर दुसऱ्या वॉर्डात गेलेल्या असतात.