फॉर्म्युला कार घेताय? रूलबुक न वाचता बजेट करू नका, या चुका टाळा

फॉर्म्युला भारत नाहीतर सुप्रा, म्हणजे कॉलेजच्या टीमने स्वतः रेसिंगची गाडी बनवायच्या स्पर्धा, करून एमएसला अमेरिकेत आलेली आपली पोरं नोकरी लागली की हमखास विचारतात, वीकेंडला रेसिंग करायचंय, स्वस्तातली सिंगल सीटर कुठली घेऊ. इथं एससीसीए म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाचं क्लब रेसिंग आहे, हौशी लोकांचंच, आणि त्यातले फॉर्म्युला व्ही आणि फॉर्म्युला एफ म्हणजे जुना फॉर्म्युला फोर्ड, हे दोन क्लास नोकरदार माणसाला झेपण्यासारखे आहेत. पण गाडीचे पैसे एकदाच द्यायचे असतात हो, पुढं दरवर्षी खिशातून किती जाणार ते ठरतं टेक्निकल रूल्सवर, आणि नेमकं तेच वाचायचं राहून जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पार्ट स्वस्त तर क्लासही स्वस्त असं धरून चालणं. व्हीचंच घ्या. 1192 सीसीचं फोक्सवॅगन बीटलचं इंजिन, पुढचा ॲक्सल बीम बीटलचा, गिअरबॉक्स बीटलचा, ड्रम ब्रेक, 15 इंची आणि फक्त 4 इंच रुंद स्टीलची रिम. एससीसीएने 1963 ला हा क्लास घेतला तो गरिबाची फॉर्म्युला कार म्हणूनच, आणि आजही तो त्या मानाने परवडतो. पण इंजिनमध्ये बॅलन्सिंग वगैरे सोडलं तर फारसं काही करता येत नाही, कार्ब्युरेटर एकच आणि तोही सोलेक्स कंपनीचा छोटासा, मग जिंकायचंय त्याने पॉवर आणायची कुठून? इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे कार्ब्युरेटरपासून इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीतून. रूल म्हणतो मॅनिफोल्ड फोक्सवॅगनचाच पाहिजे आणि नळीचा बाहेरचा व्यास अमुक ठिकाणी अमुक मापात पाहिजे. मग जाणकार बिल्डर तीच जुनी नळी तापवून, वाकवून, दाबून-फुगवून असा आकार देतात की बाहेरून कॅलिपर लावला तर मापात बसते आणि आतून हवा जास्त जाते, फ्लो बेंचवर, म्हणजे हवा किती जाते ते मोजणाऱ्या यंत्रावर, लावून एकेक तपासतात, सगळं हाताचं काम. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन मॅनिफोल्डमध्ये डोळ्याला काही फरक दिसत नाही आणि सरळ रस्त्यावर एक गाडी दुसरीला खेचून पुढं जाते. एरवी भंगारात गेली असती अशी नळी, पण चांगली हवी असेल तर भाव बिल्डर सांगेल तो. पाणी उताराला धावतं तसा पैसा रूलमधल्या मोकळ्या जागेकडे धावतो, म्हणून रूलबुक वाचताना काय बंद आहे ते तर बघाच पण काय मोकळं सोडलंय त्याखाली पेन्सिलने रेघ मारा.

व्हीच्या मागच्या सस्पेन्शनचंही तेच झालं. स्विंग ॲक्सल म्हणजे चाकाबरोबर वरखाली झुलणारा ॲक्सल बीटलचाच ठेवायचा पण त्याला स्प्रिंग कशी जोडायची ते मोकळं होतं, त्यातून झिरो रोल आलं, दोन्ही बाजूंना मिळून एकच स्प्रिंग आणि डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर), आणि आधीच्या सेटअपच्या गाड्या एकदम जुन्या झाल्या. जुनी व्ही फार स्वस्तात मिळत असेल तर आधी मागं वाकून बघा, झिरो रोल आहे का.

फॉर्म्युला फोर्डवाल्यांची ठरलेली चूक वेगळी, गिअर रेशो, म्हणजे गिअरच्या जोडीतल्या दातांचं प्रमाण. हा क्लास 1967 ला इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर सुरू झाला तेव्हा गाडी हजार पौंडांत विकली गेली पाहिजे अशी अट होती, चेसिस स्टीलच्या ट्यूबची, इंजिन फोर्डचं, सुरुवातीला 1500 सीसी आणि पुढं 1600 सीसी केंट. हे सगळं आवळून बांधलेलं, पण ह्यूलँड कंपनीच्या चार स्पीडच्या गिअरबॉक्समध्ये रेशो कुठले घालायचे हे मोकळं. म्हणजे प्रत्येक ट्रॅकला रेशो बदलायचे, आणि ते बदलायला आपल्याकडे असायला हवेत ना. गाडी विकणारा फोटोत गाडी दाखवतो, रेशोंची पेटी दाखवत नाही. पेटी उघडून दातांचे आकडे लिहून घ्या, डॉग रिंगच्या, म्हणजे गिअर अडकवून धरणाऱ्या कड्याच्या, दातांचे कोपरे गोल झालेत का ते बोट फिरवून बघा, गोल झाले असतील तर गिअर सुटत राहणार आणि प्रत्येक वेळी नवीन सेट. पेटीशिवाय घेतलेली गाडी दोन-तीन हजार डॉलर स्वस्त पडली म्हणून खूश होऊ नका, एकेक जोडी विकत घेताना तो फरक कुठं जातो कळतही नाही.

आता खर्च कमी करायला आणलेला रूलसुद्धा नीट समजून घ्यायला हवा. 2010 ला एससीसीएने या क्लासमध्ये होंडा फिटचं 1.5 लिटरचं इंजिन घ्यायला परवानगी दिली आणि म्हणून क्लासचं नाव फॉर्म्युला एफ झालं. बरेच जण म्हणाले हे महाग आहे, आणि पहिल्या दिवशी ते खरंच महाग, कारण चालू गाडीतलं केंट काढून होंडा बसवायचं तर नुसतं इंजिन नाही, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, वायरिंग, फ्युएल इंजेक्शनचं सगळंच. पण केंट म्हणजे साठच्या दशकातलं डिझाइन, ते पुढच्या रांगेत ठेवायचं तर स्पेशालिस्टकडून ठरावीक तासांनी उघडून बांधून घ्यावं लागतं, होंडाला रिस्ट्रिक्टर (हवा कमी करणारी अडचण) आणि ईसीयूत ठरलेला मॅप म्हणजे सेटिंग लावून केंटच्या बरोबरीला आणलंय आणि ते उगाच उघडायचं कारण नाही. तेव्हा हिशोब इंजिनच्या किमतीचा करू नका, ट्रॅकवरच्या एका तासाचा करा. वर्षाला तीन-चारच वीकेंड पळवणार असाल तर चांगलं केंट असलेली गाडीच बरी, भरपूर पळवणार असाल तर होंडाचा जास्तीचा खर्च भरून निघतो असं माझं स्पष्ट मत आहे.

वजनावर तर लोक डोळे झाकून पैसे घालतात. किमान वजन ड्रायव्हरला धरून मोजतात, व्हीला 1025 पौंड म्हणजे साधारण 465 किलो, एफला 1100. तुम्ही बारीक असाल तर हलकी बॅटरी, हलकं अमुक तमुक घेऊन काय होणार, शेवटी शिसं बोल्ट करून वजन भरायचंच आहे. आधी हेल्मेट-सूट घालून गाडीसकट काट्यावर बसा, मग खरेदी. आणि रेस संपल्यावर काट्यावर कमी भरलं तर निकाल जातो, तेव्हा अगदी काठावर राहू नका.

टायरबद्दल एकच बघा, कंपाउंड म्हणजे रबराचा प्रकार ठरवून दिलाय की मोकळा आहे. मोकळं असेल तर पुढचे लोक मऊ टायर ताजे ताजे वापरतात, शिकताना त्यांच्या मागं लागू नका.

सेफ्टीचे रूल वेगळ्या प्रकारे खर्च करवतात, तारखेने. बेल्ट कितीही नवा दिसू दे, लेबलवरची मुदत संपली की टेकवाला म्हणजे गाडी तपासणारा परत पाठवणार. हेल्मेटच्या सुरक्षेचं स्नेल स्टँडर्ड दर पाच वर्षांनी नवीन येतं, आणि 2012 पासून मानेसाठीचा हॅन्ससारखा रिस्ट्रेंट, म्हणजे धडकेत डोकं पुढं झटकू न देणारा पट्टा, सक्तीचा आहे. सेकंड हँड गाडीबरोबर 'सगळं सामान फ्री' मिळालं तर लेबलं वाचून मगच त्याची किंमत धरा. इथं मात्र पैसे वाचवायला बघू नका.

कॉलेजच्या गाडीची सवय असलेल्यांना एक गोष्ट जड जाते. तिथं रूल एक चौकट देतो आणि आत आपलं डोकं चालवायचं, इथं व्ही आणि एफमध्ये जे करायला परवानगी आहे असं लिहिलंय तेवढंच करता येतं, बाकी सगळं बंद. आपण हौसेनं एखादा ब्रॅकेट ॲल्युमिनियमचा केला, काम सुंदर झालं, पण रूलमध्ये नाही म्हणजे नाही. तुमची गाडी रूलबाहेर आहे असा कुणी प्रोटेस्ट टाकला तर त्याला गाडी उघडायच्या खर्चाचा बाँड म्हणजे अनामत भरावी लागते, गाडी बरोबर निघाली तर ते पैसे त्याचे जातात, चुकीची निघाली तर बिल तुमच्या गळ्यात आणि निकालही गेला. आधीच्या मालकाने काय केलंय याची जबाबदारीही आता तुमचीच, म्हणून गाडीच्या तपासण्यांची नोंद असलेलं लॉगबुक मागा, इंजिन कुणी बांधलं ते विचारा आणि त्या बिल्डरला सरळ फोन करा, बहुतेक जण बोलतात.

शेवटचं, गाडी कुठल्या रूलबुकला धरून तयार केली आहे ते विचारा. व्हिंटेज म्हणजे जुन्या गाड्यांच्या रेसिंगसाठी ठेवलेली फोर्ड आणि एससीसीएच्या एफ क्लासची फोर्ड लांबून सारखीच दिसते, पण टायर, सस्पेन्शन, सेफ्टी सगळं वेगळं असू शकतं आणि एकीकडून दुसरीकडे आणायचा खर्च गाडीच्या किमतीत कुणीच लिहीत नाही. उलट एससीसीएच्या काही रीजनमध्ये (विभागांत) आउटबोर्ड सस्पेन्शनच्या, म्हणजे स्प्रिंग बाहेर चाकाजवळ असलेल्या, जुन्या फोर्डसाठी क्लब फोर्ड म्हणून वेगळा गट असतो, तिथं चाळीस वर्षांची गाडी घेऊनही मस्त चुरशीच्या रेस मिळतात. तुमच्या रीजनमध्ये तो आहे का आणि ग्रिडवर किती गाड्या येतात ते ट्रॅकवर जाऊन बघून या, मग चेक लिहा.