ग्रंथालयातून रिकाम्या हाताने परत येता? या चुका टाळा

पुण्यातल्या पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयात मी एकाच पुस्तकासाठी तीन वेळा चिठ्ठी दिली. तिन्ही वेळा ती 'नाही' असा शेरा घेऊन परत आली. चौथ्या खेपेला काउंटरवरच्या काकांनी चष्मा कपाळावर ढकलला, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "पुस्तक कधीचं?"

म्हटलं, १९३०च्या आसपासचं.

"मग 'महाराष्ट्रातील' लिहून कसं सापडेल? तेव्हा 'महाराष्ट्रांतील' लिहायचे. टिंब द्या."

टिंब दिलं. दहा मिनिटांत पुस्तक हातात आलं. त्या दिवसापासून ग्रंथालयातून 'नाही' ऐकलं की मी आधी माझी चिठ्ठी तपासतो. पुस्तक खरंच नसतं असं फार कमी वेळा होतं. बहुतेकदा आपण चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या शब्दांत मागितलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आहेत, म्हणून त्या इथे सांगतो.

सगळी ग्रंथालयं सारखीच समजणं

'सार्वजनिक' शब्द वाचून लोक आधार कार्ड घेऊन थेट पुस्तक न्यायला जातात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा आहे. त्याखाली मान्यता मिळालेली बहुतेक ग्रंथालयं संस्थांनी चालवलेली असतात. सरकार त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं आणि त्याप्रमाणे अनुदान. त्यामुळे पुस्तक घरी न्यायचं असेल तर प्रवेश फी, अनामत आणि वर्गणी भरावी लागते. रक्कम तशी किरकोळच असते, पण आपण फुकटाच्या अपेक्षेने गेलेलो असतो, म्हणून ती टोचते.

दुसरं असं, की प्रत्येक ग्रंथालयाचा पिंड वेगळा. पुण्यातच बघा. कथा-कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं हवीत तर पुणे नगर वाचन मंदिर (१८४८) किंवा पुणे मराठी ग्रंथालय (१९११). मोडी कागदपत्रं आणि मराठेशाहीची साधनं हवीत तर भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०). संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांसाठी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७). अर्थशास्त्र आणि जुने सरकारी अहवाल बघायचे तर गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाचं. ते मुळात तिथल्या विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी आहे, आपण तिथे पाहुणे. मंडळात जाऊन ताजी बेस्टसेलर मागणारे आणि नगर वाचन मंदिरात पेशव्यांच्या मूळ पत्रांची चौकशी करणारे, दोघेही मी पाहिलेत.

मुंबईत तर एकाच पायऱ्या चढून दोन ग्रंथालयं आहेत. टाउन हॉलच्या इमारतीत एशियाटिक सोसायटीही आहे आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही. दोन्हींचे नियम वेगळे, सदस्यत्व वेगळं. मुंबई विद्यापीठाचं उलट आहे: विद्यापीठ एक, पण पुस्तकं फोर्टला राजाबाई टॉवरच्या इमारतीत आणि कालिन्याला जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात विभागलेली. पुस्तक कालिन्याला आणि आपण फोर्टात, असं झालं की चर्चगेटहून लोकल पकडताना जो संताप होतो तो फक्त स्वतःवर काढता येतो. कॅटलॉगमध्ये पुस्तकाच्या नावाखाली 'स्थान' असा रकाना असतो. तो वाचा.

आणखी एक वाट अनेकांना माहीत नसते. १९५४च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत देशातल्या ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. कायदा सगळेच पाळतात असं नाही. तरीही १९५४ नंतरचं एखादं मराठी पुस्तक कुठेच मिळत नसेल, तर मी शेवटची आशा तिथे ठेवतो.

फोन न करता जाणं

यावर फार लिहायला नको. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही, बऱ्याच वाचनालयांची सोमवारी असते. देवघेव सकाळी आणि संध्याकाळी, मध्ये दुपारी बंद, अशीही वेळ असते. उन्हाळ्यात 'स्टॉक टेकिंग' म्हणजे पुस्तकांची मोजदाद चालते, तेव्हा देवघेव थांबते. विद्यापीठात परीक्षेच्या काळात बाहेरच्या वाचकांना जागा मिळणं अवघड. फोन करा, आणि फोनवर "चालू आहे का?" एवढंच विचारू नका. "संदर्भ विभाग चालू आहे का, आणि बाहेरच्या माणसाला काय काय आणावं लागेल?" असं विचारा. विद्यापीठासाठी बहुतेक वेळा आपल्या कॉलेजचं किंवा संस्थेचं पत्र लागतं. पत्रात 'ग्रंथालय वापरण्यास परवानगी द्यावी' एवढं मोघम न लिहिता विषय आणि कालावधी लिहून आणा.

कॅटलॉगमध्ये एकाच पद्धतीने शोधणं

सगळ्यात जास्त पुस्तकं इथेच हरवतात, म्हणून इथे जरा थांबू.

आधी लेखन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे. त्याआधीच्या पुस्तकांच्या नावांत न उच्चारले जाणारे अनुस्वार भरपूर: 'पुणें', 'कांहीं', 'मुंबईंतील'. नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठावर होतं तसं लिहिलं, आपण शाळेत शिकलो तसं टाइप करतो, आणि संगणक दोघांनाही बरोबर मानत नाही. त्यामुळे पूर्ण नाव टाकण्याचा मोह आवरा. शब्दाचं सुरुवातीचं अंग तेवढं टाका. बऱ्याच ओपॅकमध्ये, म्हणजे संगणकावरच्या कॅटलॉगमध्ये, पुढे तारकाचिन्ह दिलं की उरलेलं तो शोधून आणतो.

मग अक्षरांचे घोटाळे. 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हेने टाइप होतं: एक अखंड 'ॲ', दुसरं 'अ' वर चंद्र देऊन केलेलं. डोळ्यांना सारखीच दिसतात, संगणकाला वेगळी. 'दऱ्या'तल्या 'ऱ्य'ची तीच कथा. 'ॲ'ने सुरू होणारं नाव सापडत नसेल तर ते अक्षरच वगळून पुढच्या शब्दाने शोधा. काही ठिकाणी मराठी पुस्तकांच्या नोंदी सरळ रोमन लिपीत केलेल्या आहेत. तेव्हा 'ज्ञान' हा शब्द डी-एन-वाय, जे-एन किंवा जी-वाय अशा कोणत्याही अवतारात असू शकतो. मी अशा वेळी लेखकाचं आडनाव पकडतो, कारण आडनावाला अवतार कमी.

पण आडनावही फसवतं. नोंद बहुतेक 'आडनाव, मग आद्याक्षरं' अशी असते, आणि टोपणनावाने लिहिणाऱ्यांचं काय हे प्रत्येक ग्रंथालय आपल्या मनाने ठरवतं. कुसुमाग्रजांच्या कविता एका कप्प्यात आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटकं दुसऱ्यात, हे तर होतंच. आरती प्रभू शोधताना खानोलकरही शोधा. विभावरी शिरूरकर मिळाल्या नाहीत तर मालतीबाई बेडेकर बघा. स्त्री-लेखकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावं तपासायची सवय लावून घ्या.

सालाचंही तसंच. जुन्या पुस्तकावर 'शके १८४८' छापलेलं असतं. नोंदीत कोणी तेच उतरवलेलं असतं, कोणी १९२६ केलेलं असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या महिन्यांसाठी ७९. सालाची गाळणी लावून शोधलं आणि काही आलं नाही, तर ती काढून पुन्हा बघा.

आणि हे सगळं करूनही नाही मिळालं, तर विचारा की जुन्या नोंदी अजून कार्डांवर किंवा रजिस्टरमध्ये आहेत का. सगळी ग्रंथालयं पूर्ण संगणकावर आलेली नाहीत. उलटही असतं: नोंद आहे, पुस्तक नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांतली पुस्तकंही पाण्यात गेली. कार्ड मात्र कोरडं राहिलेलं असू शकतं.

बोधांक पूर्णांकासारखा वाचणं

खुल्या कपाटांच्या ग्रंथालयात, विशेषतः कॉलेजांत, ही हमखास दिसणारी गंमत. पोरगं पुस्तकाचा बोधांक, म्हणजे विषयानुसार पुस्तकं लावायच्या ड्यूई पद्धतीचा आकडा, कागदावर उतरवून येतं: ९५४.७९२, म्हणजे महाराष्ट्राचा इतिहास. कपाटावर ९५४.८ दिसतं. मग ते पुढे, आणखी पुढे चालत राहतं, कारण सातशे ब्याण्णव आठपेक्षा मोठे! पण हा दशांश आहे. ९५४.७९२ हे ९५४.८च्या अलीकडे असतं. एकेक अंक डावीकडून तुलना करत जायचं: सात आणि आठ, इथेच निकाल लागला. मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६, त्यापुढे १ आला की कविता, २ नाटक, ३ कादंबरी. एवढं पाठ असलं की कपाटांमधून विचारत फिरावं लागत नाही.

पेठेतल्या वाचनालयांत मात्र ड्यूई शोधत बसू नका. तिथे छापील यादी असते आणि प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक. कपाटं आत, आपण बाहेर. एकाच क्रमांकाची चिठ्ठी देणारा माणूस नवखा म्हणून लगेच ओळखू येतो. जुने सभासद पाच-सहा क्रमांक पसंतीच्या क्रमाने लिहून देतात, कारण पहिली तीन पुस्तकं कोणाच्या तरी घरी असणार हे त्यांनी धरलेलंच असतं.

चिठ्ठी उशिरा देणं, आणि मोघम विचारणं

पुस्तकं वरच्या मजल्यावर किंवा तळघरात असतात आणि ती आणणारा शिपाई एकच असतो. ग्रंथालय सहाला बंद होत असेल तर साडेपाचला चिठ्ठी घेत नाहीत, हे आडमुठेपणाने नसतं. सकाळी उघडल्या उघडल्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम द्या. नियतकालिकांचे बांधीव अंक तर आदल्या दिवशी सांगून ठेवलेले बरे, ते जड असतात.

ग्रंथपालांना विचारताना "मॅडम, पानिपतावर काही आहे का?" असं विचारलं तर उत्तर कपाटभर येईल किंवा काहीच नाही. "पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांना आलेली पत्रं छापील स्वरूपात कुठे मिळतील?" असं विचारा. प्रश्न नेमका असला की काउंटरमागच्या माणसाला उठावंसं वाटतं. माझ्या अनुभवात तरी 'बाइंडिंगला गेलंय' हे उत्तर मोघम प्रश्नांनाच जास्त मिळतं. आणि मिळालंच, तर "कधी येईल?" विचारून पुस्तकाचं नाव राखीवमध्ये लिहून घ्या.

पीएच.डी.चे प्रबंध बघायला विद्यापीठात खेटे घालण्याआधी 'शोधगंगा' उघडा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा हा संग्रह सगळ्यांना मोफत खुला आहे. मराठी प्रबंधाचं नाव तिथे रोमन अक्षरांतही असू शकतं, म्हणून मार्गदर्शक किंवा विभागाच्या नावानेही शोधा.

अभ्यासिका म्हणजे ग्रंथालय नव्हे

एमपीएससीच्या तयारीसाठी बसायला जागा हवी असेल तर अभ्यासिकेचं शुल्क वेगळं, ग्रंथालयाची वर्गणी वेगळी. दोन्ही भरून पस्तावलेले बरेच आहेत. आणि वाचनकक्षात सकाळी वही ठेवून जागा धरायची, मग नाश्त्याला जाऊन दीड तास गप्पा मारायच्या, हे कृपा करून करू नका.

झेरॉक्स आणि फोटो

अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स मागितली की नकार येतो, कारण कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. अभ्यासापुरती काही पानं मिळतात. जुन्या बांधीव अंकांची झेरॉक्स तर कोणी देतच नाही: मशीनवर उघडा दाबला की पुठ्ठा मोडतो, पानं कोपऱ्यातून तुटतात. मोबाइलने फोटो काढायची परवानगी आधी मागा, फ्लॅश बंद ठेवा, आणि पहिला फोटो शीर्षकपानाचा काढा. हे शेवटचं मी विसरलो होतो. आजही माझ्या फोनमध्ये चाळीस पानं आहेत, ती कोणत्या मासिकाची हे मला सांगता येत नाही.

परत करताना

अनामतीची पावती सदस्यत्व संपेपर्यंत जपा. विद्यापीठात 'नो ड्यूज', म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, त्यावर निकालपत्र अडतं. पुस्तक हरवलं तर लपू नका, कारण दंडाचं मीटर चालूच असतं. जाऊन सांगितलं की बहुतेक ठिकाणी त्याच पुस्तकाची नवी प्रत किंवा किंमत घेतात.

मी एकदा अशी नवी प्रत नेऊन दिली. वर्षभराने घर बदलताना जुनी प्रत माळ्यावरच्या गादीत सापडली. इमानदारीने घेऊन गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी रजिस्टर काढलं, नोंद बघितली आणि पुस्तक परत माझ्याकडे सरकवलं. "ही आता तुमचीच. पण थांबा, तशीच नेऊ नका, उद्या कोणी चोर म्हणेल." आणि ड्रॉवरमधून शिक्का काढून त्यांनी पहिल्या पानावर ठळक 'निर्लेखित', म्हणजे नोंदीतून काढलेलं, असं मारून दिलं.